पणजी कोणत्या दप्तरात सापडते

मुलगी झाली. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या शेतकरी बाईचा कागदावरचा जन्म एवढाच. कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीच्या, त्या पानावर बापाचं नाव असतं, ‘वल्द’ लावून त्याच्या बापाचं असतं, जात असते, गाव असतं, तारीख असते. मुलीचं नाव नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद ठाण्यात पोचलेली असे. आणि जिनं तिला जन्म दिला, तिचंही बहुतेक वेळा नसतं. पान वाचणाऱ्याला वाटावं की बापालाच मुलगी झाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध मराठवाड्यातून सुरू होऊन पुढे राज्यभर गेला. तोवर विदर्भाबाहेर फक्त तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या लिपिकाला ठाऊक असलेला हा कागद मग घरोघरी चर्चेत आला. विदर्भाला त्याचं नवल नव्हतं. इथे जातपडताळणीच्या प्रत्येक फायलीत कोतवाल बुकाची नक्कल अनेक वर्षांपासून लागते आहे. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. त्यासोबत शपथपत्रावर वंशावळ. ती वंशावळ पाहिली की एक गोष्ट लगेच दिसते: पणजोबा, त्यांचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे, आणि शेवटी अर्ज करणारा. मधल्या पिढ्यांतली एकही बाई नाही. पडताळणी समितीला तिची गरज नाही, म्हणून कुणी तिला शोधत नाही. माझं म्हणणं असं की ती सापडते. फक्त पणजोबा जिथे सापडतो तिथे ती नसते, आणि तो जिवंत असताना तर नसतेच.

आधी दप्तर कुठून आलं ते पाहू. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढला. जिल्ह्याचं पहिलं मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला आलं आणि त्या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखलं गेलं. याच सुमारास जमिनीचा पहिला बंदोबस्त झाला. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात रयतवारी, शेतकरी थेट सरकारच्या वहीत. अलीकडे वर्ध्यात मालगुजारी, म्हणजे गावाचा मालक मालगुजार आणि बाकीचे त्याचे कास्तकार. म्हणून आर्वीकडच्या माणसाची जुनी कागदपत्रं अमरावतीकडच्या सोयऱ्याच्या कागदांसारखी दिसत नाहीत. वर्ध्याकडचे कागद म्हणजे खसरा, जमाबंदी, बंदोबस्ताची मिसल, गावच्या रिवाजांची नोंद असलेला वाजिब-उल-अर्ज, आणि पुढे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख. मालगुजारी संपली ती १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून. तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होता. सातबारा हा आपला रोजचा शब्द इथे तसा उशिरा रुळला.

हे सगळं महसुलासाठी होतं, आणि त्या वेळी महसुलाला कापसाची घाई होती. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला आणि साहेबांचं लक्ष हिंगणघाटच्या कापसाकडे वळलं. वर्ध्याचा बंदोबस्त करणारे रिव्हेट-कार्नॅक पुढे मध्य प्रांताचे कापूस आयुक्त झाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती वर्ध्यावरून. आता योगायोग पाहा. अमेरिकेत १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकी माणसांचे आकडे. तिकडचे लोक आपली शेतकरी खापरपणजी शोधताना १८५० च्या मागे गेले की अडकतात ते यामुळे. पण दक्षिणेत कापूस वेचणाऱ्या गुलाम बाया १८५० मध्येही नावाने आल्या नाहीत आणि १८६० मध्येही. त्यांची वेगळी यादी होती: मालकाचं नाव, आणि त्याखाली वय, लिंग, रंग. त्यांच्या हातचा कापूस थांबला तेव्हा जगाने वर्ध्याच्या बाईच्या हातचा कापूस मागितला, आणि तिचंही नाव कुठे नव्हतं. दोघींची अवस्था सारखी होती असं मी म्हणत नाही. एक विकली जात होती, दुसरी नाही. पण कापसाच्या गाठी मोजणाऱ्या दोन्हीकडच्या वह्या वेचणारीबद्दल सारख्याच मुक्या होत्या.

आपल्याकडच्या जनगणनेचा उपयोग नाही. मध्य प्रांतात पहिली शिरगणती १८६६ मध्ये झाली, पण आपल्या हाती राहिले ते आकडे. घरोघरी भरलेले कागद बेरजा झाल्यावर ठेवले नाहीत. ठेवले असते तरी फार काही हाती लागलं नसतं, कारण बाईचं नाव सांगायला घरचे कचरत आणि मोजणाऱ्याला तिथे नुसतं ‘स्त्री’ लिहिण्याची मुभा असे. तेव्हा १९०१ साली वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या ३,८५,१०३ होती आणि दहा वर्षांत ती सुमारे चार टक्क्यांनी घटली होती, हे कळतं. मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ येऊन गेले होते. त्या घटलेल्यांत आपली कोण, हे आकडा सांगत नाही.

ते कोतवाल बुक सांगतं, अधूनमधून. गावचा कोतवाल, इकडे बहुधा महार, जन्म-मृत्यूची वही घेऊन ठरल्या वारी ठाण्यात जाई. त्याला स्वतःला लिहिता येत नसे, तेव्हा वही पटवारी नाहीतर मास्तर भरून देई. ज्याला मालगुजाराच्या ओसरीवर चढता येत नव्हतं, त्याच्या पायपिटीवर आज त्याच मालगुजाराच्या पणतवंडांचे दाखले निघतात. या वहीत जन्माच्या बाजूला बाई नाही. मृत्यूच्या बाजूला असते. अमक्याची बायको, वय अंदाजे, कारण ताप. ‘ताप’ हे कारण इतक्यांदा येतं की त्याचा अर्थ ‘कळलं नाही’ असाच घ्यावा. हैजा आणि देवी मात्र ओळखून लिहिलेले असत. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं मिळाली तर जपून वाचावीत. त्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत-वऱ्हाड फार होरपळलं आणि तरण्या बाया पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरात ‘आजोबांच्या दोन बायका होत्या’ एवढीच आठवण शिल्लक असेल, तर पहिली कधी गेली ते या पानांत पाहावं. वंशावळीत दोघींचे मुलगे एका ओळीत लागतात आणि आई दोन होत्या हे पुसलं जातं.

पण खरी जागा जमिनीची. नवरा जिवंत आहे तोवर बाई जमिनीच्या कागदात सहसा येत नाही. तो मेला की येते. मध्य प्रांताच्या दप्तरात तिचं नाव येण्याची एक ठरलेली पद्धत आहे: आधी ‘मु.’, म्हणजे मुसम्मात, मग नाव, मग ‘बेवा’ आणि नवऱ्याचं नाव. पुणे-साताऱ्याकडे जिथे ‘भ्रतार’चा ‘भ्र.’ लागतो, तिथे इकडे जिवंत नवऱ्याच्या बायकोला ‘जौजे’. नवख्या माणसाला हा ‘मु.’ मुक्काम वाटतो आणि तो ओळ सोडून पुढे जातो. मुलं लहान असतील तर दुसरं रूप: मुलांची नावं खातेदार म्हणून आणि पुढे ‘अ.पा.क. आई’, अज्ञान पालन करणार. म्हणजे सहा वर्षांचा मुलगा जमिनीचा धनी, आणि वखरणी-पेरणीपासून सावकारापर्यंत सगळं सांभाळणारी ती त्याची पालक. मुलगा सज्ञान झाला की एका ओळीचा फेरफार होतो आणि ती कागदातून जाते. या दोन फेरफारांच्या मधला काळ, कधी आठ वर्षं, कधी बारा, एवढंच तिचं दप्तरातलं आयुष्य. तेवढ्यात मात्र ती भरपूर सापडते: गहाणखतावर, कुळाच्या भांडणात, शेजाऱ्याच्या धुऱ्याच्या तक्रारीत. मी पणजी शोधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, पणजोबा कधी गेले? ते ऐंशी वर्षं जगले असतील तर शोध अवघड. तिशीत गेले असतील तर सोपा. हिशेब निष्ठुर आहे, पण कागदांचा हिशेब तसाच आहे.

आता एक पेच येतो, आणि पुष्कळ शोध इथे तुटतात. बेवा म्हणून बाई एका वर्षी दिसते आणि दोन वर्षांनी तिचं नाव नाही. मृत्यूची नोंदही नाही. जमीन दिराच्या किंवा पुतण्याच्या नावावर. घरात विचारलं तर म्हातारी माणसं विषय बदलतात. ती मेलेली नसते, तिनं पाट लावलेला असतो, म्हणजे दुसरं लग्न केलेलं असतं. कुणबी, तेली, माळी, महार अशा कष्टकरी जातींत विधवेच्या पाटाची रीत होती आणि त्यात लाज नव्हती. लाज मागाहून आली, घरं सुधारल्यावर. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण सुधारणेचा म्हणून शाळेत शिकतो. त्याच्या दुसऱ्या कलमात असं आहे की पुन्हा लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो, जणू ती मेली. ज्या जातींत पाट मुळातच चालत होता, त्यांनाही हे कलम लागतं की नाही यावर उच्च न्यायालयं एकमेकांशी भांडत राहिली. खेड्यात दिराला भांडायचं कारण नव्हतं. पाट लागला की नाव कमी. मुलं बहुधा पहिल्या घरी राहत. म्हणजे तुमचे आजोबा आईविना वाढले असं घरात सांगतात, तेव्हा त्यांची आई चार कोसांवरच्या गावात दुसऱ्या आडनावाने, दुसऱ्या मुलांची आई म्हणून जगत असू शकते. समुद्रपूरकडची बाई पाट लावून हिंगणघाटकडे गेली, तर तिचा उरलेला माग त्या गावच्या कोतवाल बुकात आहे, तुमच्या गावच्या नाही. वंशावळीला ती नको असते. मला वाटतं, घराण्याच्या इतिहासात सर्वांत आधी तीच शोधावी.

यात भर नावाची. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे माहेरची आणि सासरची ही दोन वेगळी माणसं दिसतात. मुलींच्या शाळा खेड्यांत उशिरा आल्या, म्हणून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आजोबांपुरतं उपयोगी. दोन नावांना जोडणारा सरकारी कागद, शेवटी सांगतो तो एक सोडला तर, असा नाहीच. तो सांधा घरात असतो, बोलण्यात. आपल्याकडे सुनेला तिच्या गावानं ओळखतात: देवळीवाली, सेलूवाली, आष्टीवाली. चार जावांच्या घरात खरं नाव घ्यायची वेळ येतच नसे. नातवाला आजीचं नाव सांगता येत नाही, पण ती कोण्या गावची हे बरोबर सांगता येतं. हा पत्ता पक्का समजावा, आणि तिथून दुसऱ्या गावचं कोतवाल बुक उघडावं. वर्धा नदीच्या पल्याड, आर्वीसमोर, कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर; तिथून तिची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. सासरी देऊळ आणि माहेरी पालखी, दोन्ही टिकलेली आपल्या मुलखातली ही एकच सून असावी.

व्यापारी घरात चित्र वेगळं होतं का? वर्ध्याच्याच बजाज घराचं उदाहरण आहे. सेठ बच्छराज आणि सदीबाई यांचा मुलगा गेला, वंश पुढे न्यायला कुणी उरलं नाही. १८९४ च्या सुमारास दोघं राजस्थानात गेली असताना सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात सदीबाईंना कनीराम आणि बिरदीबाई यांचा लहानगा मुलगा आवडला. तोच जमनालाल बजाज, ४ नोव्हेंबर १८८९ चा जन्म. नातू म्हणून दत्तक घेऊन त्याला वर्ध्याला आणलं, आणि बदल्यात त्या कोरड्या गावात विहीर बांधून दिली असं सांगतात. वर्धेच्या पुढच्या इतिहासाला, सेगावच्या सेवाग्राम होण्यालाही, त्या आवडीतून वळण लागलं. सदीबाईंचं नाव आपल्याला कळतं, पण ते जमनालालांच्या चरित्रांमुळे. नातू मोठा झाला नसता तर कळलं नसतं. त्यांची नातसून जानकीदेवी, १८९३ मध्ये जावऱ्याला जन्मलेली आणि १९०२ मध्ये लहान वयात वर्ध्याला आलेली, हिनं आपली जीवनकथा सांगून ठेवली. बाईचा वंश बाईच्याच तोंडून कागदावर आलेला, असं उदाहरण त्या काळातल्या वर्ध्यात विरळा. कास्तकाराच्या घरी वही होती ती सावकाराची, आणि ती सावकाराकडे होती.

तरीही बायकांची वंशावळ कास्तकार घरात ठेवली जात होती, आजही ठेवली जाते. आपण तिला वंशावळ म्हणत नाही एवढंच. लग्न जुळवताना बायोडाटात ‘मामेकुळ’ लिहितात ते काय आहे? आईचं माहेरचं कूळ. जुनी जाणती माणसं तेवढ्यावर थांबत नाहीत, आजीचं कूळही विचारतात. सोयरीक जुळते की मोडते हे ठरवण्यापुरता हा वंश बाईच्या बाजूने मोजला जातो, आणि शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या तीन-तीन पिढ्यांची मामेकुळं तोंडपाठ सांगतात. भाटाच्या वहीत हे नाही. तो मुलगेच वाचून दाखवतो. जुन्या लग्नपत्रिका घरात ट्रंकेत असतात, त्यांवर मामांची नावं आणि गावं असतात. आहेराची वही त्याहून चांगली. कुणी लुगडं आणलं, कुणी पितळी गंज, किती रुपये, कोणतं गाव. माहेरचा आहेर कोणत्या गावाहून आला ते पाहिलं की आजीचा भाऊ सापडतो, आणि भाऊ सापडला की तिचा बाप सापडतो. पत्रिका आणि आहेराच्या वह्या लोक दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतात आणि मग तहसीलला खेटे मारतात.

काशी-गयेला किंवा त्र्यंबकेश्वरी कुणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायाच्या वहीतला लेख पाहावा. गाव आणि कूळ सांगितलं की तो पान काढून देतो. तर्पणात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं उच्चारावी लागतात, आईच्या बापाकडचीही. महसूल खात्याने जे कधी मागितलं नाही, ते श्राद्धाने मागितलं. अर्थात काशीला जाण्याइतका पैसा किती कास्तकारांकडे होता हा प्रश्न राहतोच.

आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पोइत्व्हां यांनी महाराष्ट्रात लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळ पुणे जिल्ह्यातल्या. वर्ध्यात तसं मोठं काम झालं असतं तर इथल्या बायकांनी भाऊ, भाचे, माहेरची वाट, आईचं मरण यांबद्दल काय गाऊन ठेवलं होतं ते आज हाताशी असतं. पिठाची गिरणी गावात आली आणि तो दस्तऐवज बंद पडला.

कायदे बदलले तसा कागदही बदलला, जरा उशिराने. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित हक्क दिला, पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की तो शेतजमिनीला लागू नाही, ते प्रांतांचं काम. शेतकरी बाईच्या दृष्टीने मग त्यात उरलं काय! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने तिचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला, आणि त्यानंतरच्या फेरफारांत बायका, मुली एकदम दिसू लागतात. ज्या घरात १९५५ पर्यंत एकही बाई कागदावर नव्हती, तिथे १९६० नंतर बाप मेल्यावरच्या एका वारस फेरफारात आई आणि चार बहिणी ओळीने येतात. वारसांची ही ओळ बापाच्या खऱ्या कुटुंबाची पहिली पूर्ण यादी असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला सहदायिक केलं. त्याआधीच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करायला लावलं. विदर्भातल्या काही सातबाऱ्यांवर सवाष्णीचं नाव ‘बेवा’शिवाय दिसतं त्यामागे ही मोहीम असू शकते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. पन्नास वर्षांनी शोध घेणाऱ्याचं काम त्याने हलकं होईल. आपलं नाही.

आपल्यासाठी एक दप्तर राहिलं, आणि तिथे लोक सहसा जात नाहीत: दुय्यम निबंधकाचं. बाप गेल्यावर वारसांत नाव लागलेल्या बहिणी काही दिवसांनी हक्कसोड करून देतात. भाऊ बोलावतो, साडी-चोळी होते, गाडीत बसवून आर्वीला नाहीतर हिंगणघाटला नेतो, अंगठा घेतो. त्या कागदात बहिणीचं पूर्ण नाव असतं, वय असतं, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, बापाचं नाव, माहेरचं गाव, बाकीच्या भावंडांची नावं, आणि डाव्या हाताचा अंगठा. माहेर आणि सासर एका ओळीत बांधणारा, कोतवाल बुकापासून सातबाऱ्यापर्यंत कुठेच न मिळणारा सांधा इथे नोंदवलेला असतो. नोंदणी कायद्याप्रमाणे तिथे सूची चार आहेत, त्यांतल्या जमिनीच्या दस्तांच्या दोन. क्रमांक २ ची मिळकतीप्रमाणे, तीच सगळे पाहतात, कारण सगळे जमीन शोधत असतात. क्रमांक १ ची माणसांच्या नावांप्रमाणे. भाऊ तिथे ‘लिहून घेणार’ म्हणून असतो. तुमची आजी किंवा आत्या पाहायची तर सासरच्या आडनावाखाली, ‘लिहून देणार’मध्ये पाहा.